खालांच्या भट्टीतले दिवे

खाला भट्टीची धग हाताने मोजायच्या. पत्र्याच्या पेटीत खाली-वर निखारे सारखे केले की उजवा हात आत धरून आकडे म्हणायला लागायच्या. पाचलाच हात काढावा लागला, तर आच नानखटाईची. पंधरापर्यंत टिकला, तर मोटारीच्या दिव्याची! भोकरदनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, नानखटाई भाजून विकणाऱ्या या बाईंनी गावातल्या कितीतरी गाड्यांचे दिवे उघडून, पुसून पुन्हा बंद केले. पण पहिली जोडी माझ्या गाडीची होती, आणि ती दुपार आठवली की मला आजही स्वस्थ बसवत नाही.

बंद वस्तू त्यांना बघवत नसे. रेडिओ, इस्त्री, शिवणयंत्र, सगळं त्यांनी एकदा तरी उघडून पाहिलेलं. "कोणीतरी बसून जोडलंय ना मास्तर? मंग आपण बसून खोलू," असं त्या म्हणायच्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी शाळेत शिक्षक होतो आणि नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. धाकटी बहीण रेखा पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीसाठी तिला जालन्यात सकाळी सहाला हजर व्हायचं होतं. त्या वेळेला पोचणारी बस नव्हती आणि पहाटे रस्त्यावर दाट धुकं. आदल्या दिवशी सकाळी पाहतो तो काय, गाडीच्या दोन्ही दिव्यांत पाणी! ओढ्यातून गाडी काढली होती, तेव्हा शिरलेलं. आत गढूळ थर बसलेला. उजेड पडेना. मेकॅनिक म्हणाला, "हे खोलत न्हाईत सर. नवे मागवावे लागतील, चार दिवस लागतील."

रेखा ओट्यावर बसून रडायला लागली. भिंतीपलीकडून खालांनी ऐकलं आणि त्या तडक आल्या. काढलेला दिवा हातात घेऊन त्यांनी काचेच्या कडेवरून नख फिरवलं. "हे तर चिकटवलेलं हाय. गरमीनं ढिलं पडंल. मास्तर, बल्ब काढा, स्क्रू काढा. रेखा, रडायचं बंद, निखारे फुंक!"

मी हबकलोच. काच म्हणायची ती प्लास्टिकची. वितळली तर सगळंच संपलं. खालांनी पंधरापर्यंत मोजलं, फळीवर ओलं पोतं अंथरून दिवा आत ठेवला आणि दार अर्धवट लोटलं. आम्ही तिघं डोकं डोक्याला लावून आत बघत होतो. उग्र वास सुटला तसा मी ओरडलो, "खाला, काढा!"

"जल्दी न्हाई करायची," म्हणत त्यांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला. मग फडक्याने दिवा बाहेर ओढला आणि नानखटाई उचलायची पातळ उलथणी फटीत घातली. कट्‌ करून काच अडकवणारा एक खटका तुटला. खालांनी वरसुद्धा पाहिलं नाही. उलथणी हळूहळू पुढे सरकत होती आणि काळा डिंक तारा ओढत सुटत होता. अचानक काच अख्खी हातात आली! रेखा आनंदाने अशी किंचाळली की गल्लीतली माणसं धावत आली.

खालांनी आपली मऊ, जुनी ओढणी फाडून काच आतून पुसली. "आतल्या चमकत्या चांदीला बोट लावू नको हां, डाग पडंल," असं रेखाला बजावून दिवा उन्हात वाळवला. डिंक पुन्हा गरम केला, काच बसवली आणि आम्ही सगळ्यांनी मिळून दाबून धरली. वरून सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या आवळल्या. गार झाल्यावर खालांनी वरून तांब्याभर पाणी ओतलं. आत थेंब नाही! दुसऱ्या दिव्याला निम्माही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी धुक्यातून आम्ही वेळेत पोचलो. रेखा जीव तोडून पळाली आणि पुढे निवडली गेली.

मग काय, हसनाबाद, टेंभुर्णीपासून जीपवाले खालांचं दार विचारत यायला लागले. घाई करणाऱ्याला त्या पाटावर बसवून नानखटाई खायला लावायच्या आणि म्हणायच्या, "तुझं पोट भरंस्तोवर दिवा थंड होईल."

काही वर्षांनी गुडघे गेले आणि मुलाने त्यांना परभणीला न्यायचं ठरवलं. सोडायला माझीच गाडी निघाली. रेखा रजा काढून, खास वर्दी घालून आली होती. "आज गाडी मी चालवणार खाला," ती म्हणाली. खाला पुढे तिच्याशेजारी बसल्या. अंगणाकडे वळून बघत राहिल्या, मग एकदम म्हणाल्या, "बेटा, दिवे लाव ना."

भर दुपार होती. रेखाने दिवे लावले. भोकरदन सुटल्यावर समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला हात हलवून सांगू लागला, दिवे चालू राहिलेत! रेखाने मान वळवून विचारलं, "बंद करू?"

खाला डोळे पुसत हसल्या. "राहू दे. बघू दे सगळ्यांना."