नागपूरच्या लाइनवर आई

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. मी माहेरी पत्र लिहिलं की हे आधी ते वाचायला घ्यायचे आणि लाल पेन्सिलीने चुका दाखवायचे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मला पुन्हा लिहायला लावायचे. ते सासूबाईंना वाचून दाखवलं की मग टपालाच्या पेटीत पडायचं. लग्नानंतरच्या चार वर्षांत आईला गेलेल्या माझ्या पत्रांत एक चूक सापडणार नाही. माझं स्वतःचं वाक्यही सापडणार नाही. ही वही मात्र कोणी तपासणार नाही.

आम्ही तेव्हा कलकत्त्याजवळ डमडमला दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची बदली टेलिफोनच्या कचेरीत झाली होती, जिथे बाहेरगावच्या ट्रंक लाइनी येतात तिथे. लांबच्या गावाला आवाज नीट पोचतो की नाही, हे बघायचं काम ह्यांचं. आवाज वाटेत थकत जातो, म्हणून ठिकठिकाणी यंत्रं बसवून त्याला पुन्हा मोठा करतात, पण आवाजाबरोबर खरखरही मोठी होते, असं हे पाहुण्यांना समजावून सांगायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मला ते समजायचं. समजतं असं मी कधी दाखवलं नाही.

त्या वर्षी मला सातवा महिना होता. पहिलं मूल कलकत्त्यालाच झालं होतं. मला सकाळपासून कळा येत होत्या आणि सासूबाई संध्याकाळपर्यंत टॅक्सी बोलवू देत नव्हत्या. त्यांनी स्वतः चार मुलं घरात जन्माला घातली होती. माझं मूल नवव्या दिवशी गेलं. दुसऱ्या खेपेला मला आईकडे जायचं होतं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे आणि मी गेले तर पोळ्या कोण करणार, हा प्रश्न होता. म्हणून माहेरची गोष्ट घरात निघतच नव्हती. आईला कळलं असतं तर तिने दादाला पाठवलं असतं. आईला कळवायचं कसं, एवढाच माझा घोर होता.

अशात ह्यांच्या कचेरीत दिल्लीहून मोठे साहेब येणार असं ठरलं. नागपूरची लाइन नव्याने दुरुस्त केली होती, ती त्यांना दाखवायची होती. एरवी हे लोक शिट्टीसारखा आवाज सोडून किंवा एक-दोन-तीन म्हणून लाइन तपासत. साहेबांनी कळवलं की आकडे कोणालाही कळतात, कारण पुढचा कोणता येणार हे आधीच ठाऊक असतं. साध्या माणसांचं बोलणं ऐकवा, आणि बायकांचं ऐकवा, कारण बारीक आवाज लाइनवर आधी मरतो. ह्यांनी लगेच माझं नाव दिलं. नागपूरला ह्यांच्या बरोबर शिकलेले एक इंजिनियर होते, ते माझ्या आईला महाल भागातल्या घरून कचेरीत आणवणार होते.

सासूबाई म्हणाल्या, "घरात चार माणसांसमोर हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. हिचा आवाज नागपूरला काय पोचायचा? इथून चुलीपर्यंत पोचत नाही."

हे म्हणाले, "म्हणून तर हिला नेतोय. हिचा पोचला तर कोणाचाही पोचेल."

दोघं हसले. मीही हसले असेन.

आठवडाभर ह्यांनी मला शिकवलं. फोन तोंडापासून दोन बोटं लांब धरायचा. समोरचं माणूस बोलत असताना आपण बोलायचं नाही, कारण दोघं एकदम बोलले की एकाचं तुटतं. काय बोलायचं तेही कागदावर लिहून दिलं होतं. तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे, दादाचं काम कसं चाललंय. तो कागद मी पाठ केला. भांडी विसळताना मी माझी चार वाक्यंही पाठ करत होते.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. आत एक थंड खोली होती, चपला बाहेर काढायच्या होत्या. भिंतीभर लोखंडी कपाटं आणि त्यांवर लहान लहान दिवे. बंगाली मंडळी मला बौदी बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत अदबीने वागली. त्यांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. तिथे मी, एक स्टूल आणि एक फोन, एवढंच होतं. बाहेर साहेबांशेजारी ह्यांची पाठ दिसत होती. लग्नानंतर बंद दाराआड मी एकटी अशी पहिल्यांदाच बसले होते. आपलं बोलणं आता आई आणि मी, एवढ्यांतच राहणार असं मला वाटलं.

आईचा आवाज आला. इतका जवळून आला, कानाला तिचा पदर लागावा तसा. ती म्हणाली, "बाळ, बोल." मी कागदावरचं बोलले. बोलताना माझाच आवाज किंचित मागाहून परत येत होता, रिकाम्या मंगल कार्यालयात बोलावं तसा घुमत. लाइनचंच काहीतरी असेल, असं मला वाटलं. मग मी डोळे मिटले आणि पाठ केलेली वाक्यं बोलले.

"आई, दादाला पाठव. मला इथे बाळंतपण करायचं नाही. मागच्या वेळी ह्या लोकांनी वेळेवर नेलं नाही म्हणून आपलं बाळ गेलं. मला घेऊन जा."

पलीकडे काही नव्हतं. लाइन तुटली की काय म्हणून मी हॅलो म्हटलं. तोही हॅलो घुमून माझ्याकडे परत आला. मग आई बोलली. शाळेत तपासनीस आले की मुलं बोलतात तशा आवाजात बोलली.

"तुझं घर आता तेच. त्यांच्या मनाप्रमाणे वागावं. दादाला सध्या सवड नाही." आणि थोडं थांबून, "इकडे पाऊस बरा आहे."

बाहेर साहेब मान डोलवत होते. ह्यांनी कानावरची यंत्रं काढली आणि वहीत काहीतरी लिहिलं. हेही ऐकत होते, हे मला तेव्हा कळलं. बाकीच्या कोणाला मराठी येत नव्हतं. त्यांना फक्त आवाज स्वच्छ हवा होता आणि तो स्वच्छ होता. एकाने मला रसगुल्ला दिला.

घरी चहा घेताना ह्यांनी माझं बोलणं आपल्या आईला ऐकवलं, शब्दाला शब्द, चूक न करता. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हिची आई काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या. "जन्म दिलेल्या बाईलाही तू नको आहेस. आम्ही निदान ठेवून तरी घेतलंय."

तेव्हापासून घरी कोणी मराठी बाई आली की त्या हा किस्सा सांगत. आमच्या सूनबाईंनी नागपूरपर्यंत आमची अब्रू नेली आणि नागपूरने ती परत पाठवली. बायका तोंडाला पदर लावून हसत.

मी सासूबाईंवर रागावले नाही. माझा सगळा राग आईवर गेला. नवव्या महिन्यात आईने पार्सल पाठवलं. तिच्या जुन्या मऊ लुगड्यांची सहा दुपटी होती आणि डिंकाचे लाडू. बरोबर दादाच्या हातची चिठ्ठी होती, कारण आईला लिहिता येत नव्हतं. आई विचारते आहे, फोनची पुन्हा सोय होईल का, तुझ्याशी एकदा बोलायचं आहे. ह्यांनी ती वाचून सांगितलं की टेस्ट झाली, आता कशाला. ह्यांचा नकार मला बरा वाटला, ह्यांचं दुसरं काही मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. दुपटी मी भांडी घासायला येणाऱ्या बाईला दिली. लाडू सासूबाईंनी खाल्ले. मुलगी झाली, जगली. दादाला मी दोन ओळी टाकल्या, आईसाठी वेगळं काही लिहिलं नाही. त्यानंतर तिने विचारत राहावं आणि मी उत्तर देऊ नये, असं चाललं. त्यात मला सुख होतं हे कबूल करते. मुलगी दीड वर्षाची असताना तार आली, आई गेली. मी स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, रडले नाही. सासूबाई म्हणाल्या की बाई दगडाची आहे, आणि ते खरं होतं.

आणखी दोन वर्षांनी नागपूरचे ते इंजिनियर कामासाठी कलकत्त्याला आले. रविवारी दुपारी जेवायला होते. पहिला भात झाल्यावर ते मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या आईंची अजून आठवण येते. त्या दिवशी फार वाईट वाटलं हो."

मी वाटी हातात धरून उभी राहिले.

ते म्हणाले, "आमच्याकडे स्पीकर लावला होता ना. आठ-दहा माणसं होतो आम्ही, सगळे मराठी. यानेच सांगितलं होतं की त्यांना आधी कल्पना दे, सगळे ऐकताहेत, जपून बोला. म्हणून त्या तसं बोलल्या. फोन ठेवल्यावर बाकावर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, साहेब, एकदा एकटीला बोलू द्या, एकच मिनिट. पण टेस्टची वेळ संपली होती, लाइन परत द्यायची होती." मग माझ्याकडे बघून ते थांबले. "तुम्हाला तुमचा आवाज घुमल्यासारखा आला असेल की. समोर स्पीकर असला की तसा येतो. मला वाटलं, याने सांगितलं असेल."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मिठाला बोट लावत होते. म्हणाले, "टेस्ट होती ती. भात वाढ."

मी भात वाढला. भांडी घासणाऱ्या त्या बाईकडे मी दुसऱ्या दिवशी दुपट्यांची चौकशी केली. ती म्हणाली, फाटली, लाद्या पुसायला घेतली.

पुढे ह्यांना कचेरीकडून घरी फोन मिळाला. त्याच सुमारास सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. वन्सं इंदूरला असत. महिनाभर सासूबाई ह्यांच्या मागे लागल्या होत्या की मला लेकीशी बोलायचंय. हे एका सकाळी कामावर जाताना ट्रंक कॉल नोंदवून गेले. दुपारी घंटी वाजली. मी फोन उचलला, ऑपरेटर बाईने इंदूर म्हणून सांगितलं, मी लांब वायर ओढून फोन सासूबाईंच्या उशाशी नेला आणि त्यांच्या कानाला धरला.

त्यांच्या हातात तेवढं बळ होतं. त्यांनी फोन स्वतः धरला आणि माझ्याकडे बघितलं, मी जावं म्हणून. त्यांना काय सांगायचं होतं मला माहीत होतं. मी कूस बदलून देत नाही. पाणी मागितलं की तासाने देते. त्यातलं सगळं खरं होतं.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले.

"स्वयंपाकघरात काही शिजत ठेवलंय ना तू?" त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही बोला. तीनच मिनिटं मिळतात."

वन्संचा बारीक आवाज फोनमधून मला तिथपर्यंत ऐकू येत होता, आई, बोल ना, आई, तू बरी आहेस ना. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड फोनकडे वळवलं.

"सगळं छान आहे," त्या म्हणाल्या. "सूनबाई खूप करते माझं. तू येऊ नकोस एवढ्यात, मुलांच्या परीक्षा असतील."

पलीकडून वन्संनी पुन्हा काहीतरी विचारलं. मी तशीच उभी होते.

"तिकडे पाऊस कसा आहे?" त्यांनी विचारलं.