घडीकाकूंच्या छत्र्या

छावणीत त्यांना सगळे घडीकाकू म्हणत. विमानातून उड्या मारणाऱ्या जवानांच्या पॅराशूटची घडी घालणं, हेच काम त्या वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. जवानांच्या भाषेत ती नुसती छत्री. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, दोऱ्यांचा गुंता सोडवून त्या ओळीने लावायच्या, आत हवा राहू नये म्हणून तळहाताने दाबत जायचं आणि सगळा पसारा उशीएवढ्या पिशवीत कोंबायचा. "पोटच्या पोरांनाही मी इतकं जपून गुंडाळलं नाही," असं त्या हसून सांगायच्या. टेबलाशी उभ्या राहिल्या की मात्र तोंडातून चकार शब्द नाही.

त्यांची धाकटी उडी मारणाऱ्या तुकडीत होती. आईने घडी घातलेली छत्री तिला द्यायची नाही, असा साहेबांचा दंडक होता. घरच्या माणसाचं काम करताना हात कापतो म्हणे. काकूंनाही ते पटलं होतं.

त्या दिवशी सकाळी घडीच्या दालनाच्या दारातच सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. साहेब म्हणाले, "सरावाच्या पांढऱ्या छत्र्या बाजूला ठेवा. काळपट तेवढ्या घ्या. सगळ्या."

"सगळ्या? काय आहे एवढं?"

साहेबांनी पडदे तेवढे ओढून घ्यायला लावले.

एरवी थट्टामस्करीने गजबजलेलं दालन चिडीचूप झालं. दुपारी जेवायलाही कुणाला घरी सोडलं नाही. शेजारच्या धावपट्टीवर एकामागून एक विमानं येऊन उभी राहत होती. त्यांच्या घरघरीने टेबलावरच्या कात्र्या थरथरत होत्या. काकूंचे हात चालूच होते.

संध्याकाळी तुकडी आत आली. सगळ्यांनी तोंडाला काळं फासलेलं, त्यामुळे कोण कोण ते कळेना. "काकू, उघडेल ना हो?" असं दर वेळी छेडणारा तो उंच पोरगा उंचीवरूनच ओळखू आला, पण तोही मान खाली घालून पुढे गेला. रांग भराभर सरकत होती आणि जो तो हाताला लागेल ती पिशवी उचलत होता. मग काकूंच्या समोरच्या पिशवीवर एक हात पडला. नखं कुरतडलेली. धाकटीचा हात.

"ही नको," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या हातची आहे."

"मग दे की."

"अगं, दंडक आहे."

"आई, आज कोण बघतंय?" धाकटीने पिशवी पाठीवर चढवली. "पट्टा ओढ जरा."

काकूंनी पट्टा ओढला. "कुठे चाललात गं?"

"बाबांना सांग, माझ्यासाठी जेवायचं थांबू नका."

बाबा म्हणजे लष्करातले निवृत्त ट्रकचालक. त्या रात्री घरी ते रेडिओला कान लावून बसले. बातम्यांत हवामान, खेळ, बाजारभाव. "काहीच सांगत नाहीत, म्हणजे नक्की काहीतरी आहे," एवढंच ते पुटपुटले. काकू मनातल्या मनात ती घडी पुन्हा पुन्हा उलगडून बघत होत्या. कडेची दोरी सरळ होती ना? विमान गरजलं तेव्हा आपला हात थांबला होता का?

काही दिवसांनी ट्रक परतले. छत्र्यांचा ढीग दालनात ओतला गेला. चिखलाने माखलेल्या, फाटलेल्या, काहींच्या दोऱ्या सुरीने कापलेल्या. नेल्या होत्या त्याच्या निम्म्याही नव्हत्या. शेवटच्या ट्रकमधून धाकटी उतरली, एक हात गळ्यात बांधलेला. काकूंनी धावत जाऊन तिला कवटाळलं.

"उघडली ना गं नीट?"

"उघडली, आई."

"आणि तो उंच पोरगा?"

धाकटीने मान फिरवली. "त्याचीही उघडली. सगळ्यांच्याच उघडल्या." मग ती म्हणाली, "शत्रूचे लोक खाली आमची वाटच बघत होते. आम्ही कुठे उतरणार, हे त्यांना आधीच कळलं होतं."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"हळू बोल. इथलंच कुणीतरी," धाकटी म्हणाली, आणि तिने दालनाच्या दाराकडे पाहिलं. दारात साहेब उभे होते. ते कधीपासून तिथे होते, हे दोघींनाही कळलं नव्हतं.