न मारलेली हाक

पलूसच्या शाळेत मी आणि माझी शिक्षिका मैत्रीण, आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या वर्गांवर बावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर अंदमानच्या दूरच्या बेटांकडची, पशुपक्षी दाखवणारी बोटीची सहल ठरली, तेव्हा मीच तिला आग्रह करून बरोबर नेलं. फोटोंचा नाद माझा. कृष्णाकाठच्या चिखलात बसून मी दहा-बारा वर्षं पक्षी टिपले होते. तिच्याकडे भाच्याचा जुना कॅमेरा होता. त्याचं बटण कुठलं, हेही मी तिला बोटीवर शिकवलं.

पण ती जतची, मेंढरांमागं वाढलेली. माळावर चुकलेलं कोकरू लांबून हुडकायची तिच्या डोळ्यांना लहानपणापासूनची सवय. पहिल्याच दिवशी मी लेन्स पुसत होते, तोवर ती ओरडली, "आवं बाई, मासं उडाल्यात बघा!" दुसऱ्या दिवशी डॉल्फिन तिलाच आधी दिसले. तिच्या फोटोत एक डॉल्फिन अख्खा हवेत होता. माझ्या फोटोत नुसता फेस. तिसऱ्या दिवसापासून गाईडसकट सगळे तिच्याभोवती उभे राहू लागले. "मौसी, आज क्या दिखेगा?" मला कोणी काही विचारेना. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते काही बोट लागल्यामुळं नव्हतं.

बोट लागली तिला, चौथ्या सकाळी. ती केबिनमध्ये आडवी होती. आम्ही एका निर्मनुष्य बेटाजवळ आलो आणि समुद्री गरुड पंजात साप धरून थेट आमच्याकडं येताना दिसला. गाईड म्हणाला, "मौसी को बुलाओ!"

केबिन दहा पावलांवर होती. मी म्हणाले, "सोने दीजिए, तबियत ठीक नहीं है."

फोटो असा मिळाला, की सापाचे खवलेही मोजता यावेत. दुपारी तिनं विचारलं, "आज काय घावलं?"

"विशेष काही नाही."

दोनेक महिन्यांनी गावच्या वाचनालयात माझे फोटो लावले. गरुडापुढं ती बराच वेळ उभी राहिली. बाहेर पायऱ्यांवर मी तिला सगळं सांगून टाकलं. मान वर करायचा धीर होत नव्हता.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "जागीच हुते मी. तुमचा आवाज आला की."

"मग बोलला का नाहीत?"

"राग आलता, लय. उठून भांडणारच हुते. पर उठले आन् उलटी झाली."

ती हसली. मला हसू आलं नाही. "पुन्हा असं नाही करणार," एवढंच मी म्हणाले.

"करू नगा," ती म्हणाली. हे म्हणताना मात्र ती हसत नव्हती.

आता रविवारी आम्ही दोघी नदीवर जातो. परवा बाभळीच्या शेंड्यावरचा ससाणा तिनंच आधी पाहिला आणि मला बोटानं दाखवला. मी फोटो घेतला. पोटात अजूनही दुखलं, थोडंसं.