नंबर मीच वाचून दाखवला

ज्या स्कूटरच्या नंबरापायी मला मार पडला ती स्कूटर माझीच होती, आणि तो नंबर मारणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवणारा गाढवही मीच होतो.

आपल्याच गाडीचा नंबर माणसाला पाठ नसतो का, असं कुणी विचारेल. आमच्याकडे नसतो. जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या आमच्या गावात गाडीची किल्ली गाडीलाच लटकलेली असते. कुणाची बायको अडली, कुणाला बाजारात लिंबाएवढं काम निघालं, की जी गाडी दिसेल ती घेऊन माणूस जातो. गाडी कुणाची हे कुणी विचारत नाही, आज कुणाकडे आहे एवढंच विचारतात. माझी स्कूटर माझ्या बुडाखाली कमी आणि गावाच्या बुडाखाली जास्त असायची.

अशा गावात गाड्यांचे नंबर वाचणारा कॅमेरा आला. झालं असं, की कुणाच्या तरी बकऱ्या गेल्या, पाठोपाठ एक मोटारसायकल गेली, आणि सरपंचांनी कुठूनतरी खटपट करून नाक्यावरच्या खांबावर तो बसवून घेतला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी तो वाचायचा, मागून फोटो काढायचा आणि वेळेसकट जपून ठेवायचा. हे सगळं बघायचं कुणी? मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, म्हणजे शिकलेला आणि रिकामा. कॅमेऱ्याचं अॅप माझ्या मोबाइलवर आलं.

सुरुवातीला मी चोर शोधला. चोर मिळेना म्हणून शेजारी शोधायला लागलो. कोण भल्या सकाळी नाशिकला जातो, कोणाची जीप आठवड्यातून दोनदा एकाच पाड्यावर थांबून येते, मला घरबसल्या कळायला लागलं. आणि कळलं की तोंड थोडंच गप्प बसतंय! दुकानात उभा राहून मी सरपंचांच्या मेहुण्याला विचारलं, "काय पाव्हणं, काल त्र्यंबकला काय काम काढलंत?" तो घरी सांगून गेला होता वाड्याला. त्याच्या घरातली भांडी रस्त्यावर आली. मी लांब उभं राहून हसलो. पुढच्या महिन्यात गावातल्या सगळ्या गाड्यांच्या पाट्यांवर शेण दिसायला लागलं. कुणी मुद्दाम लावलंय म्हणावं तर कुणी कबूल होईना. स्वच्छ पाटी उरली ती फक्त माझ्या स्कूटरची.

मला मार पडला त्या दिवशी वरच्या पाड्यावरचा एक जण माझ्या ओटीवर आला. त्याची बायको माझ्या बायकोच्या अंगणवाडीत मदतनीस. तो तिला मारतो हे मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला होतं. दिवाळीआधी तिच्या भुवईवर खोक पडलेली आम्ही पाहिली होती, आणि घरचा मामला म्हणून माना फिरवल्या होत्या. पण त्या दिवशी तो हात जोडून उभा होता.

"भाऊसाहेब, घरवाली सकाळपासनं नाय. रागाची हाय. जिवाचं काय करून घेतलं तर? कॅमेऱ्यात बघता का जरा?"

आता असं कुणी हात जोडून विचारल्यावर माझ्यातला साहेब जागा होतो. नोकरीत असताना कुणी एवढ्या नम्रपणे कधी विचारलं नव्हतं. मी चष्मा पुसला आणि सकाळचे फोटो उघडले. एका स्कूटरवर पाठमोऱ्या दोन बाया, दोघींची डोकी ओढणीने गच्च बांधलेली.

"हीच! साडी तिचीच," तो मागच्या बाईवर बोट ठेवून म्हणाला. "आनि चालवनारी ही बया कोन?"

मी फोटो मोठा करून बघितला. "असेल कुणीतरी बचत गटातली," मी म्हणालो. "पाठीवरून नुसती दांडगट दिसते."

ती माझी बायको होती. माझ्याशी लग्न करून तिचे केस पिकले, आणि तिची पाठ मला ओळखता आली नाही. मीटिंगला जव्हारला जाते असं सांगून ती बाहेर पडली होती. मला वाटलं जीपने गेली असेल.

मी नंबर वाचून दाखवला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आसपासच्या ज्या गावांत असे कॅमेरे लागले होते, तिथल्या बघणाऱ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर मी फोटो टाकून रुबाबात लिहिलं, 'या गाडीवरून एक महिला बेपत्ता आहे. आढळल्यास तातडीने कळवावे.' खाली माझं नाव, नावापुढे निवृत्त वगैरे.

तो गेला. मी पेपर वाचत बसलो. नाक्यावर त्याने जीपवाल्याला नंबर सांगितला, आणि जीपवाल्याला तालुक्यातल्या सगळ्या गाड्या पोटच्या पोरांसारख्या ठाऊक. तो सहज बोलून गेला, "ही तर भाऊसाहेबांचीच स्कूटर!"

परत आला तेव्हा तो एकटा नव्हता. दोन भाऊ बरोबर होते आणि तिघांच्या तोंडाला मोहाच्या दारूचा भपकारा होता.

"गाडी तुझी, बायको तुझी, आनि मला फोटो दाखवून येडा बनवतो?"

मी म्हणालो, "ऐका, गैरसमज—" आणि तेवढ्यात काठी कानशिलावर बसली. चष्मा कुठे उडाला ते मला आजही माहीत नाही. मी ओटीवरून खाली अंगणात पडलो. एकाने लाथ घातली ती बरगडीत, आतून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तोंडात रक्त आलं आणि रक्तात एक दात. सिनेमात माणूस अशा वेळी काहीतरी बाणेदार बोलतो. मी बोललो, "मला खरंच माहीत नाही हो." आणि ते खरं होतं. कुठे गेल्या हे मला ठाऊक असतं तर त्या लाथांखाली मी सांगून टाकलं असतं, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

सांगायची गरजच पडली नाही. मोबाइल धुळीत पडला होता. तो टिंग वाजला.

मधल्या भावाने उचलला. दाभोशाच्या रस्त्यावरच्या एका गावातून फोटो आला होता. स्कूटर तीच, बाया त्याच. खाली त्या गावच्या भल्या माणसाने लिहिलं होतं, 'भाऊसाहेब, सकाळी इकडून नदीच्या बाजूला गेल्यात. अजून परत नाहीत.'

"तिच्या बहिनीकडं," नवरा म्हणाला. मोबाइल घेऊन तिघं मोटारसायकलवर बसले.

मी सरपटत शेजारणीच्या दारात गेलो. बायकोचा नंबर मला पाठ नव्हता, तो शेजारणीकडे होता. तिने पुन्हा पुन्हा लावला. नदीकाठी रेंज नाही. मग जीपवालाच धावत आला. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला. "माझ्याच तोंडाला आग लागो," म्हणाला, आणि मला उचलून जीपमध्ये टाकलं. प्रत्येक वळणावर बरगडी मांसात घुसत होती. मी ओरडत होतो, "हळू!" आणि लगेच, "जोरात!"

आम्ही उशिराच पोचलो.

बहिणीच्या घरामागे खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. पेंढ्या तशाच पसरलेल्या, आणि त्यांवर रक्त. त्याने मदतनीस बाईला केसाला धरून खळ्यावरून फरफटत नेलं होतं. तिने डोकं वाचवायला हात वर केला, तो हात त्याने दांडक्याने मोडला. कोपराखाली हात भलत्याच दिशेला वळला होता. माझी बायको मध्ये पडली. तिच्या कपाळावर दगड बसला होता, एक डोळा रक्ताने मिटला होता, तरी ती तिला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या स्कूटरचा दगडांनी चेंदामेंदा झाला होता. बहिणीची सासू, मुठीएवढी म्हातारी, कोयता घेऊन दारात उभी होती. तिने त्या मारणाऱ्याच्या खांद्यात तो घातला होता, म्हणूनच त्याचे भाऊ त्याला उचलून पळाले होते. कोयत्यावरचं रक्त तिने पुसलं नव्हतं. मला बघून तिने तो पुन्हा वर उचलला.

"आजी, हा आपलाच हाय," जीपवाला ओरडला.

"आपला?" माझी बायको म्हणाली. माझ्या फुटलेल्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं होतं. जीपमध्ये जव्हार येईपर्यंत ती मदतनीस बाईला धरून माझ्याकडे पाठ करून बसली.

दवाखान्यात आम्हा तिघांना ओळीने बसवलं. टाके, पट्टी, प्लास्टर. सरपंच आले. पोलिसांनी तिघांना पकडल्याचं त्यांनी सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा, कॅमेरा होता म्हणून पुरावा मिळाला. आता पाड्यावरच्या रस्त्यालाही एक बसवू." मला हसू आलं आणि हसल्यावर बरगडीने प्राण घेतला.

ते गेल्यावर मी मदतनीस बाईकडे वळलो. प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती भिंतीकडे बघत होती. तिचं माहेर सुटलं होतं, बहिणीचं घर त्याला ठाऊक होतं, आता जायचं कुठे हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं. मी म्हणालो, "बाई, चुकलो. ते अॅप मी काढून टाकतो. तो हात जोडून आला, मला वाटलं खरंच काळजी करतोय. तसा तो शुद्धीत असताना—"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"त्याला दारू चढते," ती म्हणाली. "तुम्हाला काय चढलं होतं, भाऊसाहेब?"