रशीदभाईंचं माप

फोन शबानाचा होता, रशीद टर्नरच्या लेकीचा. "मॅडम, अब्बा गेले. त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता म्हणून..." मी अरेरे म्हटलं, खाली बसले, आणि खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. चला, आता कुणी विचारणार नाही! सत्तरीच्या आजीबाईला शोभतं का हे? नाही शोभत. पण आलं मनात.

रशीदभाईंचं औरंगपुऱ्याच्या गल्लीत लेथवर लोखंडाचे भाग कातून द्यायचं दुकान. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची बारीकसारीक कामं त्यांच्याकडंच जायची. मी तिथं मशीन डिझाइन शिकवायची. आणि काय माझा तोरा! पन्नाशी उलटलेली, केस काळेभोर रंगवलेले, गळ्यातलं ओळखपत्र भाजी आणायला जातानाही निघत नसे; न जाणो, मेथीवालीनं हुद्दा विचारला तर! त्या वर्षी पोरांनी स्पर्धेसाठी सहा चाकांचा रोबोट करायला घेतला. चाकं, चेन, मोटरी, सगळी जुळणी मी आखली आणि ड्रॉइंग घेऊन पोरांसकट रशीदभाईंकडं गेले. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"मॅडम, मधली जोडी जराशी खाली घ्या. दोन-तीन मिलिमीटर. सहाही सारखी टेकली तं वळताना अडून बसंल बघा. कापडवाल्यांच्या ढकलगाड्या मी तशाच करतो. जागच्या जागी फिरतात."

"रशीदभाई, हा रोबोट आहे. कापडाच्या गठ्ठ्यांची गाडी नव्हे."

पोरं खिदळली. मीही. "बराय, कागदाप्रमाणं करतो," म्हणाले, आणि अगदी तसंच केलं.

कॉलेजच्या गुळगुळीत फरशीवर रोबोट झोकात वळला. स्पर्धेच्या मैदानावर मात्र जाजम अंथरलेलं. पहिल्याच वळणाला चाकांनी ते धरून ठेवलं, आमचं यंत्र जागेवर उड्या मारायला लागलं, चेन उतरली, संपलं. परतल्यावर प्राचार्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "टर्नरनं भोकं रेषेत पाडली नाहीत." इतकं सहज... जिभेला हाड नसतं म्हणतात. मला तेव्हा लाजही नव्हती. कॉलेजचं काम दुसरीकडं गेलं.

आठवड्यानं रशीदभाई स्टाफरूमच्या दारात उभे. "मॅडम, माप खरंच चुकलं का माझं?" तक्रार नव्हती हो; ते विचारत होते. मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "थोडंसं."

"किती?"

यावर मी काय बोलले ते आठवत नाही... आठवतं. "आता सोडा ना, भाई." पुढं रस्त्यात दिसले की ते लांबून सलाम करायचे आणि मी पलीकडच्या दुकानातल्या बांगड्या बघायची.

त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर परवा त्यांच्या दुकानात गेले. लेथवर आता शबाना असते. तिनं एक शाफ्ट मोजला, कागदावर आकडा लिहिला, कागद पालथा घातला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजला.

"असं का गं?"

"अब्बांची सवय, मॅडम. कॉलेजच्या कामात एकदा माप चुकलं म्हणायचे. तवापासून स्वतःच्या डोळ्यावर भरोसाच नव्हता त्यांचा."

मी सगळं सांगून टाकलं. माप बरोबर होतं, चूक माझ्या कागदात होती, आणि ती त्यांनी मला आधीच दाखवली होती. शबाना ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे त्यांना सांगायचं ना, मॅडम."

तिनं दुसरा शाफ्ट उचलला. मोजला, आकडा लिहिला. कागद पालथा घातला, आणि पुन्हा मोजायला लागली.