पत्रकातून खोडलेली धडधड

अन्याय माझ्या थोरल्या मामांवर झाला. २००३ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी, सातपूरला ते कामाला होते त्या फाउंड्रीच्या गेटसमोर. केला मी.

मामा मूळचे देवळ्याचे. वीस वर्षं लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू झाडली, ती छातीत बसली. त्या पोळ्याच्या महिनाभर आधी उजव्या फुफ्फुसाचा सडलेला भाग कापून काढावा लागला. मालक म्हणे, बिड्यांनी झालं. मामांनी जन्मात बिडी ओढलेली नाही! मी बावीस वर्षांची, कामगार संघटनेची पत्रकं लिहायची. आमचा शिरस्ता ठरलेला: एक पत्रक, एक आजार, एक मागणी. त्या सकाळच्या गेटसभेत मामांनी सदरा वर करून टाके दाखवायचे आणि धुळीवर बोलायचं, बस्स.

गेटवर त्यांनी माझा हात धरला. "पोरी, काळीज लय उड्या मारतंय. मधीच थांबतंय, मधीच पळतंय."

"मामा, काळीज नाही, फुफ्फुस म्हणा! काळजाचं नाव काढलंत तर मालक म्हणेल, हा मुळातच आजारी."

ते हसले. "बरं, पुढारीणबाई. काळजाला सांगतो, भाषण होईस्तोवर दम धर."

मामांनी सांगितलेलं धडधडीचं वाक्य मी पत्रकातून आदल्या संध्याकाळीच खोडलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

मामा स्टुलावर चढून झकास बोलले. टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना हातातला घास सुटला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. फुफ्फुसातलं रक्त ज्या शिरांनी हृदयात येतं, त्यांच्या तोंडाशी, आतल्या टाक्यांजवळ, ऑपरेशननंतर कधीकधी भलतेच ठोके उठतात. हृदय नुसतं थरथरतं, रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाते. वेळेत कळलं तर औषध असतं.

"धडधडतंय असं कुणाला बोलले होते का?"

"नाय हो," मामी म्हणाली, "मला तरी नाय."

मामा माझ्याकडे बघत होते.

धुळीची मागणी खरी होती, आजही आहे. पण तिच्यासाठी मी एका माणसाचं दुखणं निम्मं कापलं, आणि मालक करतो तेच केलं. मामीला अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल.

तुमच्या घरात कुणाचं फुफ्फुसाचं ऑपरेशन झालं असेल, तर आत्ता उठा आणि त्याच्या मनगटावर बोटं ठेवा. ठोके वेडेवाकडे लागले, तर आजच्या आज कार्डिओग्राम काढून घ्या. हातातलं काम कितीही न्यायाचं असो, ते थांबवा.