तांदळात लिहायचं नाव

लग्नाला दोन महिने होते. शिकागोजवळ शॉमबर्गच्या आमच्या घरी मी आणि होणारी सून पाहुण्यांच्या याद्या करत बसलो होतो. मुलगी आयरिश वंशाची, नावही आयरिश भाषेतलं. त्यातली निम्मी अक्षरं उच्चारायचीच नसतात. वर्षभर मी ते नाव शिताफीनं टाळत आले होते.

बोलता बोलता मी तिला म्हटलं, "आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. तुझं नाव तसंही कुणाला म्हणता येत नाही. एखादं सोपं मराठी नाव शोधू."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर आपण तिला केवढं आपलंसं करतोय, ही घमेंड होतीच.

तिनं हातातली यादी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "काकू, हे माझ्या आजीचं नाव आहे."

आजी तरुणपणी आयर्लंडहून शिकागोला आली, ती एका घरी कामाला. पहिल्याच दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, हे नाव आम्हाला जमायचं नाही, आणि एक सोपं इंग्रजी नाव देऊन मोकळ्या झाल्या. आजीचं सगळं आयुष्य त्याच नावावर गेलं. नवराही तेच म्हणायचा. म्हणून तिनं स्वतःचं नाव नातीला दिलं.

मुलगा सिंकपाशी भांडी विसळत होता. वळूनही न बघता म्हणाला, "आई, ऑफिसमध्ये तुझं नाव शॉर्ट केलं होतं तेव्हा किती अपसेट व्हायचीस, आठवतंय ना?"

आठवत होतं. चार अक्षरं धड म्हणता येत नाहीत लेकाच्यांना, हे माझंच वाक्य. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लायब्ररीत शनिवारी आयरिश भाषेचा वर्ग असतो. कुणाला न सांगता नाव घातलं. देवनागरीत जगातला कुठलाही उच्चार लिहिता येतो, ही आमची जुनी फुशारकी; मी वही काढून भराभर लिहायला लागले. शिकवणाऱ्या बाई, रिटायर झालेल्या, शांतपणे म्हणाल्या, "वही मिटा. आधी ऐका." त्या नावात एक जागा अशी होती, की 'य' म्हणताना उचलतो तशी जीभ उचलायची, पण 'य' ऐकू येता कामा नये. सात शनिवार मी तिथेच धडपडले. गाडीत, भाजी चिरताना, आंघोळ करताना तेच. आठव्या शनिवारी बाईंनी नुसती मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. पण एका नावाला आठच शनिवार लागतात, आणि मी तेवढेही द्यायला तयार नव्हते, याचीच लाज वाटली.

लग्नात मुलानं तांदळात तिचं नाव लिहिलं. गुरुजींनी माइक माझ्यापुढे धरला. "काय नवं नाव ठेवलंत?"

"नवं नाही. तिचंच," असं म्हणून मी ते नाव उच्चारलं, स्वच्छ, मोठ्यानं.

पहिल्या रांगेत शाल पांघरून तिच्या आजी पेंगत होत्या. त्या दचकून जाग्या झाल्या आणि हात वर करून म्हणाल्या, "मी इथे आहे."

हॉल हसला. आजी मात्र हाक कुणी मारली ते इकडेतिकडे शोधत होत्या, आणि मला काही त्यांच्याकडे बघवेना.